प्रोग्रॅमला कायम केल्याबाबत व मला परत पाठवल्याबाबत

प्रति,
मा. उपअधीक्षक साहेब,
आस्थापना व भांडार शाखा,
पाणीपुरवठा कार्यालय, दुसरा मजला.

(यंत्रखोली, तळमजला, येथून. हेडक्लार्क यांच्यामार्फत.)

विषय : एक फ्लॉपी नोकरीत कायम झाल्याबाबत व एक कारकून पुरवठादाराकडे परत जात असल्याबाबत. (पैकी कारकून मी.)

संदर्भ : १) आपला गुलाबी आदेश, दि. २१ जुलै.
२) आपला पिवळा आदेश, त्याच दिवसाचा, त्याच शाईचा.
३) माझ्या वडिलांनी आपणांस लिहिलेले पत्र, जे आईने पेटीत टाकू दिले नाही.

महोदय,

आपला वेळ मोलाचा आहे हे जाणून मी हा अर्ज आखूड लिहायला बसलो होतो. तो आखूड झालेला नाही. तरी कृपया शेवटपर्यंत वाचावा, कारण उद्या तिसावा दिवस आहे, आणि कशाचा तिसावा, हे मधल्या परिच्छेदांत आहे.

१. मी या कार्यालयात फेब्रुवारीपासून सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर कनिष्ठ कारकून आहे. किंवा होतो. किंवा मुळात नव्हतोच. नेमके काय ते ठरवणे आपल्या अखत्यारीत असल्याने मी त्यावर मत देत नाही. वय चोवीस. बसण्याची जागा जिन्याखालची खोली, जिला पूर्वी झाडूची खोली म्हणत व कार्यालयात संगणक आल्यापासून यंत्रखोली म्हणतात. झाडू अजून तिथेच आहेत.

२. मी ज्या आठवड्यात रुजू झालो त्याच आठवड्यात एका विक्रेत्याने टेक्स्ट एडिटर नावाचा एक स्वस्त प्रोग्रॅम (यापुढे 'प्रोग्रॅम') सहा महिने वापरून बघा म्हणून आणून दिला. पाकिटात एक चौकोनी लवचीक फ्लॉपी आणि सोळा पानांची पुस्तिका, एवढाच ऐवज. यावर पत्र टाइप केले की ते आधी पडद्यावर दिसते, चुकलेले तेवढेच पुसता येते, आणि मनासारखे झाल्यावर प्रिंटरकडे पाठवता येते. बाकी दोन विक्रेत्यांच्या प्रोग्रॅमांपेक्षा हा इतका स्वस्त होता की हेडक्लार्क पाकीट उलटसुलट करून म्हणाले, "एवढ्यात साधी शिडी येत नाही रे. बघ नीट, आतनं काहीतरी काढून घेतलं असेल." ते काय काढून घेतले आहे हे शोधण्याचे, म्हणजेच प्रोग्रॅमचे मूल्यमापन करण्याचे काम माझ्याकडे आले. मी नवीन होतो, आणि नवीन माणसाला नवीन वस्तू द्यावी म्हणजे दोन्ही एकदमच बिघडतात व शोधाशोध वाचते, असे त्यांचे तत्त्व आहे.

३. प्रोग्रॅमबद्दलचे माझे खरे मत आपल्यापर्यंत अजून पोचलेलेच नाही, म्हणून ते इथे देतो. प्रोग्रॅम चांगला आहे. पूर्वी पाणीकपातीच्या नोटिशीत एक तारीख चुकली की टायपिस्ट ताई पूर्ण पान पुन्हा बडवत असत व त्या दिवशी त्यांच्याशी कोणी बोलत नसे. आता तारीख तेवढी बदलते आणि ताई बोलण्यासारख्या राहतात. एकदा लिहिलेली नोटीस पुढच्या महिन्यालाही चालते. उणिवाही आहेत. बारा पानांच्या वर मजकूर गेला की प्रोग्रॅम 'जागा नाही' एवढे सांगून गप्प बसतो, आणि मग कितीही समजूत घाला. वेलांट्या वरच्या ओळीला टेकतात. आणि एक कळ अशी आहे की चुकून दाबली तर अख्खी ओळ जाते, आणि गेलेली ओळ परत आणण्याची कळ नाही. पुस्तिकेत त्यावर उपाय दिला आहे : 'काळजीपूर्वक काम करावे.'

याशिवाय एक शब्द शोधून त्याजागी दुसरा शब्द घालण्याची सोय आहे. मार्चमध्ये आपलेच परिपत्रक आले होते की नोटिशीत 'मीटर' न लिहिता 'जलमापक' लिहावे. मी प्रोग्रॅमला तसे सांगितले व त्याने ते इमानाने सगळीकडे केले. त्यामुळे एकशे चाळीस घरांना असे कळवले गेले की नवीन जलवाहिनी त्यांच्या वस्तीपासून दोन किलोजलमापक अंतरावरून जाणार आहे. एकाही घराने तक्रार केली नाही. एका गृहस्थांनी फक्त, दोनच का, आम्हाला तीन मिळावेत, असे लेखी कळवले. त्यांचा अर्ज विचाराधीन आहे. हेडक्लार्कांनी तर हा शब्द स्वतःच्या दौऱ्याच्या तक्त्यात वापरला व तो मंजूरही झाला. ही चूक माझी होती. प्रोग्रॅमने सांगितले तेच केले. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे घडले त्यात त्याचाही दोष नाही.

४. कार्यालयाच्या रीतीप्रमाणे नवीन वस्तूची चाचणी पिवळ्या नमुन्यावर होते व नवीन माणसाची गुलाबी नमुन्यावर. जुलैमध्ये मी प्रोग्रॅमचा पिवळा नमुना भरायला घेतला. त्यात विचारले होते : वजन किती, गंज धरतो काय, गळतो काय, किती भार पेलतो, पडल्यास फुटतो काय. मी प्रामाणिकपणे नऊ ठिकाणी 'लागू नाही' लिहिले. तो नमुना परत आला, कारण पाचपेक्षा जास्त 'लागू नाही' असलेला नमुना ग्राह्य धरत नाहीत. मी पुन्हा भरला व फ्लॉपीचे वजन लिहिले. तेव्हा हेडक्लार्कांनी विचारले की प्रोग्रॅमसकट की प्रोग्रॅमविना. मी म्हटले, प्रोग्रॅमला वजन नसते. ते म्हणाले, "वजन नाही त्याचं या कार्यालयात काही होत नाही, हे तुला सहा महिन्यांत कळू नये?"

तिसऱ्यांदा नमुना परत आल्यावर त्यांनी कपाटातून एक गुलाबी नमुना काढला आणि म्हणाले, "हा भरून टाक. काम टायपिंगचंच करतो ना तो? मग झालं."

५. गुलाबी नमुन्यावर मात्र एकही रकाना अडला नाही. वेळेवर येतो काय : बटण दाबल्यापासून दीड मिनिटात हजर. वरिष्ठांशी वर्तन : सांगितले तेवढेच करतो, उलट बोलत नाही, न समजल्यास एकदा 'टुंग' असा आवाज करून थांबतो. सहकाऱ्यांशी संबंध : कोणाच्या चहात नाही. रजा : घेतलेली नाही. हस्ताक्षर : उत्तम, वेलांट्या सोडून. गुप्तता पाळतो काय : विचारल्याशिवाय काहीच सांगत नाही, बरेचदा विचारल्यावरही नाही. हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे व त्यातला एकही शब्द खोटा नाही. ताईंनी तो कागद वाचून, "असा जावई मिळाला तर मी उद्या मुलगी देईन," असा शेरा तोंडी दिला होता. तो मी नमुन्यात घेतला नाही.

६. आता माझे. माझाही सहा महिन्यांचा नमुना त्याच आठवड्यात जायचा होता. परंतु प्रोग्रॅमला दिलेला गुलाबी कागद हा कपाटातला शेवटचा गुलाबी कागद होता. नवे छापून यायला ऑक्टोबर उजाडणार होता, आणि मुदतीत नमुना गेला नाही तर माझे नाव आपोआप गळणार होते. हेडक्लार्कांना माझी काळजी वाटली. त्यांचे मन चांगले आहे, हे मी या अर्जात दोनदा लिहिणार आहे, त्यांपैकी हे पहिले. त्यांनी माझा नमुना पिवळ्या कागदावर भरला. "अरे, प्रश्न ते प्रश्न," ते म्हणाले, "माणसाला वजन तरी असतंच की." त्यांनी रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानात नेऊन माझे वजन पोत्यांच्या काट्यावर करून आणले. उत्तरे खालीलप्रमाणे :

वजन : चौपन्न किलो (डबा खाल्ल्यावर). गंज : दिसत नाही. गळती : सर्दीच्या दिवसांत. आवाज : आहे, ताईंची तक्रार जोडली आहे. पेलण्याचा भार : जुन्या फायलींचे दोन गठ्ठे, तिसऱ्याला कुरकुरतो. सलग चालतो काय : दुपारी दोन ते पावणेतीन मंदावतो. पडल्यास फुटतो काय : मार्चमध्ये जिन्यावरून पडला, फुटला नाही, पण आठवडाभर सांगत फिरला. सुटे भाग मिळतात काय : एक धाकटा भाऊ आहे, परंतु बनावट वेगळी. पुरवठादाराचे नाव व पत्ता : वडील, राहणार घरीच.

हेही सर्व खरे आहे. दुपारच्या बाबतीत मी स्वतः पावणेतीनऐवजी अडीच लिहावे असे सुचवले होते, पण त्यांनी घड्याळ लावून पाहिले होते.

७. दोन्ही कागद एकाच दिवशी आपल्या टेबलावर आले. आस्थापना आणि भांडार या दोन्ही शाखा आपल्याकडेच असल्याने माणसांचे आणि वस्तूंचे कागद आपल्याकडे रंगावरूनच वेगळे होतात, आणि ही पद्धत वर्षानुवर्षे बिनचूक चालत आली आहे. गुलाबी आणि उत्तम, म्हणून आपण कायम केले. पिवळा आणि साधारण, म्हणून आपण 'तीस दिवसांत मूळ वेष्टनासह पुरवठादाराकडे परत' असा शेरा मारला. दोन्ही सह्या स्पष्ट व सुवाच्य आहेत. आपल्या जागी मी असतो तर मीही हेच केले असते. हे मी खुशामत म्हणून लिहीत नाही. मी गुलाबी कागद पाहिला आहे.

८. त्यानंतर प्रोग्रॅमची जी प्रगती झाली ती मी जवळून पाहिली, कारण ती करण्याचे कामही माझ्याकडेच होते. त्याचे सेवापुस्तक मी उघडले. ओळखखूण : उजव्या कडेला चौकोनी खाच. जन्मतारीख म्हणून पुस्तिकेवरची छपाईची तारीख धरली गेली, त्यामुळे त्याचे वय दोन वर्षे भरले व तो सज्ञान नाही असे निघाले. अज्ञान कर्मचाऱ्याला पालक लागतो. पालक म्हणून माझे नाव लावले आहे. वैद्यकीय तपासणीसाठी मी त्याला पाकिटात घालून डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी फ्लॉपी खिडकीशी धरून पाहिली, माझ्याकडे पाहिले, माझी नाडी पाहिली आणि 'विश्रांतीची गरज' असे प्रमाणपत्र दिले. ते प्रोग्रॅमच्या पुस्तकात चिकटवले असल्याने गेल्या शुक्रवारी त्याला एक दिवसाची आजारी रजा मंजूर झाली. त्या दिवशी संगणक बंद ठेवून मी झाडू मोजले. अकरा आहेत.

निवृत्तीचे वय धरता ही जागा आता छप्पन्न वर्षांनी रिकामी होईल. मी तोवर थांबायला तयार आहे, पण वयाची अट आड येईल असे वाटते.

९. माझी नोंद भांडाराच्या जडवस्तू नोंदवहीत पान एकसष्टवर आहे. माझ्या वर 'शिडी, लाकडी, एक' आणि माझ्या खाली 'घंटा, पितळी, एक'. मधे मी, 'कारकून, वापरलेला, एक'. भांडारपालकाका नियमाचे पक्के आहेत. रोज सकाळी दहाला ते मला चिठ्ठीवर हेडक्लार्कांना देतात व साडेपाचला परत घेऊन चिठ्ठी फाडतात. नोंदवहीतल्या प्रत्येक वस्तूवर क्रमांक रंगवावा लागतो. पहिल्या दिवशी ते पांढरा रंग आणि कुंचला घेऊन आले होते. "पाठीवर घालू की दंडावर? दंडावर जरा कमी जागा आहे." शेवटी तडजोड म्हणून खिशाला पुठ्ठ्याचा बिल्ला अडकवला आहे. परवा बसमध्ये एका आजोबांनी तो वाचून मला विचारले की मी हरवलो आहे का. मी त्यांना नोंदवहीचा पान क्रमांक सांगितला.

पगाराचा विषय मी इथे काढत नाही. तो वेगळ्या रंगाच्या कागदावर लिहावा लागेल.

१०. पिवळ्या आदेशाची प्रत नियमाप्रमाणे पुरवठादाराला, म्हणजे माझ्या वडिलांना, रजिस्टर टपालाने आली. ते छत्र्या दुरुस्त करतात व गिऱ्हाइकाशी फार सांभाळून बोलतात. त्यांनी पत्र दोनदा वाचले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले आणि म्हणाले, "चोवीस वर्षांनी माल परत? माझ्या दुकानात आठ दिवसांवर मी कुणाचं ऐकून घेत नाही." मग त्यांनी दुरुस्तीचा मुद्दा काढला. पत्रात म्हटले होते की पुरवठादाराने दोष दूर करून वस्तू पुन्हा सादर केल्यास विचार होईल. त्यावर त्यांचे म्हणणे असे की ते सगळे प्रयत्न माझ्या शाळेच्या वयात करून झाले आहेत व उपयोग झालेला नाही.

आई 'मूळ वेष्टन' या शब्दाशी अडली. "मूळ वेष्टन म्हणजे ते दुपटं की काय?" तिने विचारले, "ते मी तुझ्या मावशीच्या नातवाला दिलं. आता परत मागू? तोंड आहे का मला?" मी म्हटले की वेष्टन नसेल तर कदाचित माल परत घ्यावा लागणार नाही. तर ती म्हणाली, "घ्यावा लागेल म्हणजे काय रे? कुणी नको म्हटलंय तुला घरात?" धाकटा भाऊ माझा बिल्ला लावून आरशात पाहत होता, त्याला आईने विनाकारण एक धपाटा घातला.

महोदय, आमच्या घरात कार्यालयात बसून काम करणारा मी पहिलाच. फेब्रुवारीत वडिलांनी दुकानात येईल त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगितले आहे, आणि छत्री घेऊन येणारी माणसे त्यांना बरीच भेटतात. गेले तीन आठवडे ते 'मुलगा काय म्हणतो' असे कोणी विचारले की छत्रीची काडी तपासू लागतात. बाकी सगळे मी हसण्यावारी नेले असते. हे नेता येत नाही.

११. ही चूक सुधारावी म्हणून मी आधी हेडक्लार्कांकडेच गेलो. त्यांचे मन चांगले आहे (दुसऱ्यांदा). त्यांनी नियमांचे पुस्तक काढून मला सगळे रस्ते दाखवले, आणि प्रत्येक रस्त्याच्या टोकाला असलेली भिंतही दाखवली. कायम झालेल्या कर्मचाऱ्याला विनाकारण काढता येत नाही. आधी नोटीस, मग त्याचे म्हणणे, मग चौकशी. प्रोग्रॅमला नोटीस दिली. त्याने उत्तर दिले नाही. परंतु त्याच्या गुलाबी नमुन्यात 'उलट बोलत नाही' हा गुण म्हणून नोंदला असल्याने गप्प राहणे हा दोष धरता येईना. मी म्हटले, मग मला तरी माणूस म्हणून नव्याने घ्या. तर जागा एकच, आणि ती भरलेली. मी म्हटले, मग मला वस्तू म्हणून तरी विकत घ्या. तर माझी तीन दरपत्रके लागतात, आणि माझा पुरवठादार एकच.

"तुझ्यासारखा अजून एखादा मिळतो का बघ," ते म्हणाले, "तुलना झाली की काम सोपं." ताईंनी मशीनवरून मान वर न करता म्हटले, "असा अजून एक मिळाला तर मी राजीनामा देईन." मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू वर साहेबांना लिही. आमच्याकडे आला कागद की तो फक्त रंग बदलतो." हा अर्ज त्या सल्ल्याचे फळ आहे. वेलांट्या त्यांनी हाताने सुधारल्या आहेत.

१२. आता मुद्द्याचे. गेल्या मंगळवारी भांडारपालकाकांची दाढ काढायची होती म्हणून ते आले नाहीत. त्यामुळे मला चिठ्ठीवर द्यायला कोणी नव्हते व मी दिवसभर भांडारात, शिडीशेजारी, नियमाप्रमाणे जमा राहिलो. प्रोग्रॅम मात्र कायम कर्मचारी असल्याने यंत्रखोलीत हजर होता. हेडक्लार्कांनी स्वतः संगणक सुरू केला व हजेरीपटावर त्याची हजेरी मांडली. त्या दिवशी पूर्वेकडच्या वस्तीचे पाणी दुपारी बंद राहणार होते व तशी नोटीस बारापर्यंत जायला हवी होती. गेल्या महिन्याची नोटीस फ्लॉपीवर तयार आहे. फक्त तारीख आणि वस्तीचे नाव बदलायचे. हेडक्लार्क पडद्यासमोर बसले. त्यांनी प्रोग्रॅमला शांतपणे सांगितले, मग दरडावून सांगितले. मग एक कळ दाबली. ती ओळ पुसणारी कळ होती. ओळ जाताना पाहून त्यांनी ती थांबवायला तीच कळ अजून सात वेळा दाबली.

मी भिंतीपलीकडे होतो. आठ वेळा टकटक ऐकली आणि ती कुठली कळ आहे हे मला आवाजावरून कळले. काकांनी कुलूप लावलेले नव्हते, पण मी वस्तू म्हणून जमा होतो, व वस्तू आपण होऊन बाहेर येत नाहीत. मी आलो. चिठ्ठीशिवाय. नोटिशीत 'आपला विश्वासू' एवढेच शिल्लक होते. बाकीचा मजकूर मला पाठ होता. पावणेबाराला नोटीस गेली, आणि पूर्वेच्या वस्तीने बादल्या भरून ठेवल्या. काकांनी दुसऱ्या दिवशी 'वस्तू विनापरवाना हलल्याबाबत' माझ्यावर शेरा मारला आहे. तो योग्य आहे.

यातून प्रोग्रॅम वाईट असे निघत नाही. त्याच्याशिवाय मलाही ती नोटीस पावणेबाराला जमली नसती, ताईंना तीन वाजले असते, आणि त्या दिवशी त्यांच्याशी कोणी बोलले नसते. माझे मूल्यमापन एवढेच आहे की तो घ्यावा. स्वस्त आहे, कामाचा आहे, आणि त्याच्यातून काही काढून घेतलेले नाही. फक्त त्याच्यासमोर कोणीतरी बसावे लागते, आणि ते पुस्तिकेत कुठे लिहिलेले नाही.

१३. उद्या, दि. २० ऑगस्ट रोजी, माझी परतीची मुदत संपते. वडिलांना मला न्यायला साडेपाचला बोलावले आहे व पोचपावतीवर सही करायला सांगितले आहे. ते येतील. ते कबूल केलेल्या वेळेला येतात. मागच्या दाराने यावे लागेल, कारण माल तिकडून जातो.

नियम बदलावेत असे मी म्हणत नाही. चौकशी नको, आणि तीन दरपत्रकेही नकोत. आपण फक्त उद्या सकाळी साडेदहा वाजता स्वतः यंत्रखोलीत यावे. जिन्याखालचे दार, डावीकडे, वाकून. आधी कळवण्याची गरज नाही. अचानक आलात तर जास्त चांगले. खोलीत आम्ही दोघेच असू, तो आणि मी, दोघेही बसलेले. आपण दार उघडल्यावर दोघांपैकी जो साहेब आले म्हणून उठून उभा राहील तो माणूस समजावा व त्याला कायम करावे. जो बसूनच राहील तो विकत घ्यावा.

आपण येईपर्यंत खुर्चीच्या कडेवर बसून राहणारा,

आपला नम्र,
(सही)
कनिष्ठ कारकून, यंत्रखोली
दिनांक : १९ ऑगस्ट १९८७